टँक हा शब्द आमचाच

टँक या इंग्रजी शब्दाचे किती अर्थ होतात, हे मला शाळेत कुणी शिकवले नाही. माझी शाळा पाचवीपर्यंत, तीही तमिळ. हा शब्द शिकवला माझ्या सासऱ्यांनी, मी तांदूळ निवडत बसलेली असताना. त्या शब्दाचा काथ्याकूट करत आमच्या घराने सहा आठवडे घालवले, आणि त्या सहा आठवड्यांच्या शेवटी माझी तीन वर्षांची मुलगी कॉलऱ्याने गेली. हे आधीच सांगून टाकते. वाचणाऱ्याने उगाच आशा धरून बसू नये.

आमचे घर कुंभकोणमला. तंजावरच्या राजांबरोबर आलेल्या मराठी लोकांची त्या गल्लीत सहा-सात घरे होती. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. मराठीही जुन्या वळणाची. पुढे मुलाच्या नोकरीपायी मी पुण्याला आले, तेव्हा शेजारणी माझे बोलणे ऐकून तोंडाला पदर लावायच्या. घरात आम्ही पाच माणसे. सासरे, सासू, नवरा, मी आणि मुलगी. नवरा मायावरमला रेल्वेत कारकून होता, रविवारपुरता घरी यायचा. सासऱ्यांना मी मामंजी म्हणे आणि सासूला आत्याबाई.

मामंजींनी सारा जन्म हायस्कुलात इंग्रजी शिकवले होते. निवृत्त झाल्यावर शिकवायला कुणी उरले नाही म्हणून ते मला शिकवत. त्यांच्यापाशी एक इंग्रजी कोश होता. उशीएवढा जाड, पाठ उसवलेली, पानापानांत कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला. मला इंग्रजी अक्षरे येत नव्हती, पण त्यांना तेही चालत होते. ऐकणारे माणूस हवे, एवढेच.

त्या वर्षी ऐन नवरात्रात आमच्या गल्लीत नळ आला. गावाबाहेर खांबांवर गोल, उंच टाकी बांधली होती. कावेरीचे पाणी त्यात गाळून चढवायचे आणि तिथून गल्लोगल्ली सोडायचे. नळाचा खांब आमच्या दारासमोर पडला. उंबऱ्यापासून दहा पावले. मी नंतर मोजली.

मामंजींना फार आनंद झाला. मागच्या दारची विहीर पन्नास हात खोल, माझे हात दोर ओढून सोललेले असत. पण आत्याबाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकले. नळाच्या तोटीत चामड्याचा वाशर असतो. चामड्यावरून आलेले पाणी देवाला चालत नाही, आणि देवाला चालत नाही ते चुलीवर चढायचे नाही. हे एकट्या त्यांचेच म्हणणे नव्हते. गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्या तेच म्हणत. तेव्हा नळाचे पाणी धुण्याला, भांड्यांना आणि अंगण सारवायला. पिण्याचे आणि स्वयंपाकाचे विहिरीचे, ते आत्याबाई पहाटे ओलेत्याने स्वतः काढत. त्यांच्या त्या तांब्याच्या घागरीला मी हात लावायचा नाही.

मामंजी बायकोला हुकूम करणाऱ्यातले नव्हते. समोरच्याला पटवून द्यायचे, हा त्यांचा शिरस्ता. पस्तीस वर्षे वर्गात तेच केलेले.

"पाणी तर कावेरीचेच," ते म्हणाले. "आधी टँकमध्ये चढते, मग नळात उतरते."

"टँकमध्ये चढते ना? झाले तर. इंग्रजांची वस्तू."

"टँक इंग्रजांचा? थांब जरा."

कोश आला. चष्मा आला. आत्याबाई वाती वळत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

"हे पाहा. हिंदुस्थानातून गेलेला शब्द. गुजराती दिला आहे आणि मराठी दिला आहे. टांकें. आपल्या गडांवर खडकात खोदून पाण्याची टाकी करीत, ते टांकें. इंग्रजांनी इथे येऊन उचलले."

"गड तुम्ही पाहिलेत?"

"मी कोठे? आपल्या मूळपुरुषाने पाहिले असतील."

"त्याने कोशात लिहून ठेवले कां?"

"आणखी एक आहे. पोर्तुगीजांचाही असाच शब्द आहे. पाणी अडवणे, साठवणे, यावरून आलेला. इंग्रजांनी कोणाचा घेतला, यावर विद्वानांचे एकमत नाही."

"मग आपला कशावरून?"

"निम्मा तरी आपला."

"निम्मेच पाणी प्या तर," आत्याबाई म्हणाल्या, आणि वात तळहातावर घासून सरळ केली.

मला हसू आले होते. तेव्हा ते सगळे हसण्यासारखेच होते.

मग रोज एक अर्थ निघू लागला. मामंजी मला सांगायचे, पण आवाज स्वयंपाकघरात जाईल असा. गावातले ते मोठे तीर्थ, जिथे बारा वर्षांनी लाखो माणसे बुडी मारतात, त्यालाही साहेब लोक टँकच म्हणतात. माझे माहेर सुंदरपेरुमाळ कोयिलचे. तिथल्या देवळापुढचे हिरवे तळे, ज्यात मी लहानपणी बेडकांमागे लागत होते, तेही टँक. मला हे विचित्र वाटले. एक जमिनीत खणलेले, एक खांबावर चढवलेले, आणि दोघांना नाव एकच. मामंजी म्हणाले, पाणी थांबवून ठेवले की झाले, वर काय आणि खाली काय. स्टेशनावर डबे ढकलणारे छोटे इंजिन आपले पाणी अंगावरच वागवते, त्याला टँक इंजिन म्हणतात. मोटारीच्या पोटात पेट्रोल असते, तो टँक. तिथे पाण्याचा संबंधही संपला.

मी एकदा विचारले, देव्हाऱ्यातले खंडोबा-भवानीचे टाक, त्याचाही हाच शब्द का? मामंजी इतके खूश झाले की त्यांनी कोश मिटला. नसावा, ते म्हणाले, पण शोधले पाहिजे. त्यांनी तंजावरला ओळखीच्या पंडिताला कार्ड टाकले. त्याचे उत्तर येईपर्यंत घरात दुसरा विषय नव्हता. उत्तर आले, शब्द वेगळा. मामंजींनी ते आपल्या शब्दांच्या वहीत उतरून घेतले.

लढाईतला टँक त्यांना सगळ्यात आवडायचा. पहिल्या महायुद्धात विलायतेत लोखंडाची चालती गाडी केली, तोफा लावून. शत्रूला कळू नये म्हणून कारखान्यात सांगितले की आम्ही पाण्याच्या टाक्या करतो आहोत. लोक टँक, टँक म्हणू लागले. पुढे गुपित फुटले, पण नाव तेच राहिले.

"म्हणजे खोटे सांगितले, तेच नाव पडले," आत्याबाई आतून म्हणाल्या. "आणि ते तुमच्या कोशात छापले. तो कोश देव्हाऱ्याजवळ ठेवू नका तेवढा."

असे बोलणे चालले असताना पाऊस लागला. आमच्याकडचा मोठा पाऊस दिवाळीच्या अल्याडपल्याड येतो. गटारे भरली, मागल्या बोळातून घोट्याएवढे पाणी वाहू लागले. विहिरीचे पाणी पन्नास हातांवरून पंधरा हातांवर आले. आत्याबाई म्हणाल्या, बरे झाले, दोर कमी ओढावा लागतो. पाणी थोडे गढूळ होते. त्या चारपदरी कापडातून गाळत.

दिवाळीनंतर आठ दिवसांनी परईवाला, म्हणजे दवंडी पिटणारा, गल्लीत आला. गळ्यात चामड्याचे वाद्य, हातात काठी. बडवून बडवून तमिळमध्ये ओरडत होता. गावात कॉलरा आहे, विहिरीचे पाणी कोणी पिऊ नये, टँकचे प्यावे, नाहीतर उकळून प्यावे.

मामंजी दारात उभे होते. ते वळून मला म्हणाले, "पाहिलेस? तोही टँकच म्हणाला. शब्द परत घरी आला."

माझ्या कडेवर मुलगी होती. मी म्हणाले, "मामंजी, पोरीला तरी आजपासून नळाचे देऊ का?"

"देऊ की. देऊच."

"मग आता भरून आणते."

"असे चोरून नको, मुली. तुझ्या सासूचे मन मोडून आणलेली घागर चार दिवसांत बाहेर जाईल. पटले म्हणजे कायमचे होईल. आता फार उरले नाही, ती वळते आहे."

पाणी उकळायचे म्हटले तर सरपण भिजलेले. दोन दिवस उकळले. ओल्या लाकडाचा धूर पाण्याला लागला, मुलगी तोंडात घेऊन थुंकून टाकायची. आणि उकळलेले पाणी रात्र उलटली की शिळे, सोवळ्याच्या स्वयंपाकघरात ठेवता येत नाही. तिसऱ्या दिवशी उकळणे बंद झाले. कोणी बंद करा असे म्हणाले नाही. झाले बंद.

रविवारी नवरा आला. त्याने मायावरमच्या ऑफिसात कॉलऱ्याची लस टोचून घेतली होती, दंड सुजला होता. मी त्याला पाण्याचे सांगितले. तो मामंजींकडे बघत म्हणाला, "अप्पा आहेत ना, ते बघतील." सोमवारी पहाटे गेला.

मामंजी खोटे बोलत नव्हते. आत्याबाई खरेच वळत होत्या. त्याच आठवड्यात एका दुपारी त्या म्हणाल्या, "बरे. टँक आपला. गडावरचा. पाणीही कावेरीचे. मानले मी. पण शब्द आपला असेल, वाशर कोणाचा?"

मामंजींनी लगेच फिटरला बोलावले. तो आला, भिजलेला, डोक्यावर पोते घेतलेले. त्याने पाना लावून तोटी उघडली आणि आतली काळी चकती तळहातावर धरली. आत्याबाई उंबऱ्याच्या आत उभ्या होत्या.

"चामडे?" मामंजींनी तमिळमध्ये विचारले.

"चामडेच सामी. रबराचा टिकत नाही. पाहिजे तर तिरुच्चीहून मागवतो. आठवड्यात येईल."

"मागव," मामंजी म्हणाले.

आत्याबाई म्हणाल्या, "रबर बसला की मी स्वतः भरीन. आठवड्याने काय होते?"

त्या हे वाईट बुद्धीने म्हणाल्या नाहीत. आपण फार सोडून दिले, असेच त्यांना वाटत होते. मामंजींच्या तोंडावर आनंद होता. त्यांनी बाजी जिंकली होती, रबर तेवढा यायचा होता.

त्या आठवड्यात मी रोज सकाळी नळावर जायची. धुण्याचे पाणी भरायला. मुलगी माझ्या लुगड्याला धरून यायची. तिला नळ आवडायचा. बादली भरली की ती धारेखाली ओंजळ धरायची, पाणी कोपरावरून गळू द्यायची. एक दिवस ती वाकली आणि तोंड लावले. मी तिला दंडाला धरून मागे ओढले. म्हणाले, "पिऊ नको. आजी रागावेल." तिने तोंडातले पाणी थुंकले. मग आत येऊन तिने आजीकडे पाणी मागितले आणि आजीने घागरीतले दिले.

हे मी कुणाला सांगितले नव्हते. नवऱ्यालाही नाही.

रबर यायला तीन दिवस होते, तेव्हा ती सकाळी उलटी करून उठली. पुढचे फार लवकर झाले. दोन तासांत डोळे आत गेले. पोटातून जात होते ते तांदळाच्या धुवणासारखे पांढरे. मामंजी छत्री न घेता डॉक्टरकडे धावले. डॉक्टर चांगला माणूस होता, लगेच आला. त्याने पायाची शीर शोधली, सापडेना. शीर बसून गेली आहे, म्हणाला. जटका, म्हणजे घोडागाडी, करून इस्पितळात नेली. बाहेर पत्र्याची शेड घातली होती, तिथे खाटा. खाटांना मधोमध भोके आणि खाली बादल्या. तिथेही त्यांनी सुईने खारे पाणी चढवायचा प्रयत्न केला. थोडे चढले.

आत्याबाई सोबत आल्या होत्या. नेसत्या सोवळ्याने. त्या शेडमध्ये कोण कुठल्या जातीचे, कोण कशात माखलेले, काही पाहिले नाही त्यांनी. मुलीचे डोके मांडीवर घेऊन बसल्या. मुलगी पाणी पाणी करत होती. आवाज बसलेला, ओठ हलत तेवढेच. नर्सने उकळून गार केलेले पाणी दिले होते, ते आत्याबाई चमच्याने घालत होत्या. कुठले पाणी, असे त्यांनी विचारले नाही. घातलेले बाहेर येत होते. दुपारी तीनच्या सुमारास मुलीने पाणी मागायचे थांबवले. चारला गेली.

एवढ्या लहान मुलाला आमच्यात जाळत नाहीत. नवऱ्याला तार केली, तो यायला उशीर झाला असता, आणि कॉलऱ्याचे प्रेत ठेवू देत नाहीत. मामंजी आणि शेजारचे दोघे कावेरीच्या काठी घेऊन गेले, पुरून आले. बायका जात नाहीत. जागा मला कधी कोणी दाखवली नाही, आणि पुढच्या पुरात काठ खचला. दहावे नाही, तेरावे नाही. तेवढ्या लहानाचे काही करायचे नसते. दुसऱ्या दिवशी मी धुणे धुतले.

आरोग्य खात्याचा माणूस आला. विहिरीत ब्लिचिंग पावडर टाकली. डोकावून पाहिले आणि विचारले, "भिंतीपलीकडे काय आहे?"

मामंजी म्हणाले, "शेजाऱ्यांनी नवा संडास बांधला आहे. सेप्टिक टँकचा."

"विहिरीपासून किती?"

ते कोणी मोजले नव्हते. त्याने आपली पावले टाकून पाहिले. मान हलवली आणि वहीत लिहिले. त्यानेच झाले असे तो म्हणाला नाही. बोळातले पाणीही विहिरीच्या कठड्यापर्यंत आले होते, त्यानेही झाले असेल. नक्की कोणी सांगू शकत नाही, आणि मीही सांगत नाही. पण सेप्टिक टँक हा अर्थ मामंजींच्या वहीत नव्हता. तो शेजारी बांधून झाला तेव्हा त्यांनी मालकाचे अभिनंदन केले होते, गाव सुधारते आहे म्हणून.

चार-पाच दिवसांनी मी तांदूळ निवडायला बसले. मामंजी येऊन समोर बसले. हातात वही होती, उघडली नव्हती.

"मुली," ते म्हणाले, "माझे चुकले कां?"

मी म्हणाले, "तुम्हांला ठाऊक होते, मामंजी. आत्याबाईंना ठाऊक नव्हते. तुम्हांला होते."

"मला वाटले पटवून द्यावे."

"हो."

"तुझा राग आहे माझ्यावर."

"तांदळात खडे फार आहेत यंदा," मी म्हणाले. ते वही घेऊन उठून गेले. पुढे त्यांनी मला शब्द शिकवले नाहीत. मीही विचारले नाही.

त्यांना ठाऊक होते आणि त्यांनी वाद घातला, हे मी त्यांच्या तोंडावर म्हणाले. मलाही ठाऊक होते. नळ दहा पावलांवर होता. एक फुलपात्र पाणी पदराआड आणायला कोणाची परवानगी लागत नव्हती. आत्याबाईंनी फार तर दोन दिवस अबोला धरला असता. मी विचारत बसले. हे मात्र मी कोणाच्या तोंडावर म्हणाले नाही.

फिटर ठरल्या दिवशी आला. रबराचा वाशर बसवला. त्याला कोणी पैसे द्यायला बाहेर गेले नाही, तोही थांबला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे आत्याबाईंनी तांब्याची घागर चिंचेने घासली, ओलेत्याने रस्त्यावर गेल्या, साऱ्या गल्लीदेखत नळाखाली घागर लावली आणि भरून आत आणली. त्या दिवसापासून आमच्या चुलीवर टँकचे पाणी चढले. गल्लीतल्या आणखी दोन घरांनी त्यांचे पाहून सुरू केले.

मी मात्र ते प्याले नाही. विहिरीचे प्यायची. बादली सोडायची, काढायची, कठड्याशी उभी राहून ओंजळीने प्यायची. पहिले काही दिवस पावडरचा वास यायचा. मग तोही गेला. माझ्या मनात काय होते, ते लिहायची गरज नाही. ज्याने पोरगी गेली तेच पाणी होते. मला काही होत नव्हते. साधे पोटही दुखले नाही.

तीन आठवडे असे गेले. मग एका सकाळी मी ओंजळ तोंडाशी नेली आणि मागून आत्याबाई म्हणाल्या, "पुरे कर."

मी वळले नाही.

"तुझी पाळी दीड महिना चुकली आहे. मी मोजते. तुला वाटले माझे लक्ष नाही?"

माझेही लक्ष गेले होते. पण मी ते मनाशी म्हटले नव्हते.

"तुला मरायचे असेल तर बाळंतपणानंतर मर," त्या म्हणाल्या. "आता नको. एक घालवले आपण दोघींनी."

दोघींनी, असे म्हणाल्या. इतक्या दिवसांत घरात हे कोणी बोलले नव्हते. मी ओंजळ सोडली, पाणी पायांवर पडले. त्या पुढे आल्या, कप्पीवरचा दोर गाठ सोडून ओढून घेतला, कोपराभोवती वेटोळे केले आणि बादलीसकट सरपणाच्या खोलीत नेऊन टाकला. मग आत गेल्या आणि कामाला लागल्या.

मी त्यांना क्षमा केली असे नाही. त्यांनीही मला केली नसावी. पण मी दोर परत मागितला नाही. घरात जाऊन घागरीतले पाणी घेतले, उभ्यानेच प्याले आणि कणीक भिजवायला बसले.